केक कुस्करण्याची तालीम

"म्हणजे केक कापायचा नाही?" विश्रामरावांनी विचारलं.

"नाही बाबा. कुस्करायचा," ऋजुता म्हणाली.

"आणि मग खायचा?"

"खाल्ला तर खाल्ला. पहिल्या वाढदिवसाला मेन म्हणजे फोटो."

विश्रामरावांनी आमटीत बुडवलेला पोळीचा तुकडा तसाच हातात धरला आणि मुलाकडे पाहिलं. केदार ताटात डोकं घालून जेवत होता. वडील आता काय बोलणार हे आधीच कळलं, की तो असा मन लावून जेवतो.

"अन्न कुस्करायचं, अंगाला फासायचं, आणि वर त्याचे फोटो काढायला माणूस लावायचा!" विश्रामराव म्हणाले. "या घरात कधी पानात शीत राहिलेलं नाही, केदार. तुला माहितेय."

केदारला चांगलंच माहीत होतं. विश्रामराव मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. कारखान्यानं त्यांना रिटायर केलं, पण त्यांनी काही क्वालिटी कंट्रोल रिटायर केलं नाही, ते घरी घेऊन आले. पोळीच्या कडा, भेंडीचे देठ, आमटीतलं आमसूल यांपैकी काहीही ताटाच्या काठावर दिसलं, की ते शांतपणे विचारायचे, "हे कोणासाठी ठेवलंय?" लहानपणी केदार एका कढीपत्त्याच्या पानापायी क्रिकेटच्या अख्ख्या मॅचला मुकला होता.

नातवाच्या बाबतीत तर त्यांनी दात यायच्या आधीच काम सुरू केलं होतं. वाटी समोर आली की अद्वय हात जोडायचा आणि आजोबांनी "हं" म्हटल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. आल्यागेल्यांना मोठं कौतुक वाटायचं. त्याची आजी नीलाबाई मात्र म्हणायच्या, "मुलाचा पोपट केलाय यांनी."

"राहू दे मग," ऋजुता म्हणाली. "कॅन्सल करते."

ती रागावून म्हणाली असती, तर विश्रामरावांकडे उत्तर तयार होतं. पण ती रागावली नव्हती. अद्वयचं तोंड पुसता पुसता, त्याच्याकडेच बघत ती म्हणाली, "बाबा, हा पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा मी मीटिंगमध्ये बसलेले. रांगला तेव्हा ठाण्याला ऑडिट चालू होतं. पहिला दात तुम्हाला दिसला. सगळं मला फोनवरच कळलं. वाटलं, केकचा पहिला घास तरी माझ्यासमोर होईल. वर्षभर डॉक्टरांनी गोड द्यायचं नाही सांगितलंय, म्हणजे ते तरी माझ्या आधी कुणी बघणार नाही."

विश्रामरावांच्या हातातला पोळीचा तुकडा आमटीत पडला. ते सगळे फोन त्यांनीच केले होते. प्रत्येक वेळी अगदी उड्या मारत केले होते, आणि पलीकडे सून "हो का? अय्या!" म्हणायची ते आनंदानंच, असं ते धरून चालले होते. रांगण्याच्या दिवशी तर त्यांनी तिला दोनदा फोन करून सविस्तर सांगितलं होतं. आपण इतके मूर्ख कसे, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"कॅन्सल बिन्सल काही नाही," ते म्हणाले. "कधी आहे?"

"येत्या शनिवारी. कोलशेतला. पण तयारी लागते म्हणे."

"तयारी माझ्याकडे," विश्रामराव म्हणाले, आणि आमटीतला तुकडा शोधून त्यांनी खाल्ला.

फोटो काढणाऱ्या मुलीचं नाव कल्पिता. तिचा सूचनांचा निरोप ऋजुतानं सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना सासऱ्यांच्या फोनवर पाठवला. "हाय ऋजुता, ऐक ना. बेबीला आठवडाभर दही, केळं असं काहीतरी चिकट हाताला लावून सवय कर. काय होतं, हाताला क्रीम लागलं की बाळं रडतात. नाहीतर टच पण नाही करत. आणि रिअल केक अजिबात दाखवायचा नाही हां. फर्स्ट रिअ‍ॅक्शन मला कॅमेऱ्यात पाहिजे."

विश्रामरावांनी निरोप तीनदा ऐकला. मग त्यांनी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली, मधोमध अद्वयला बसवलं आणि त्याच्यापुढे परातीत दह्याचा गोळा ठेवला.

अद्वयनं हात जोडले.

"नाही, बाळा. आज नमस्कार नाही करायचा. आज मारायचं. मार!"

अद्वयनं आणखी घट्ट हात जोडले आणि "हं" ऐकायची वाट बघत बसला. विश्रामरावांनी "हं" म्हटलं. अद्वयनं तोंड उघडलं. विश्रामरावांनी त्याचा हात धरून दह्यात बुडवला, तेव्हा त्यानं तो हात डोळ्यांसमोर धरून पाहिला, मग आजोबांकडे पाहिलं. आजोबांचं आज काहीतरी बिनसलंय, हे त्या नजरेत स्पष्ट होतं. त्यानं हात आजोबांच्या लेंग्याला पुसला.

आता दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. विश्रामरावांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेतलं. बाह्या वर केल्या. डोळे मिटले आणि परातीतल्या दह्यावर थाडकन हात मारला.

अद्वय खदखदा हसला. विश्रामरावांनी पुन्हा मारला. अद्वयनं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा विश्रामरावांनी दोन्ही हात वापरले, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. डोळे उघडले तेव्हा नीलाबाई दारात उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"तालीम."

"कुणाची?"

"त्याची."

"तो बसलाय नीट," नीलाबाई म्हणाल्या. "दही तुमच्या भुवयांना लागलंय."

दुसऱ्या दिवशी दह्याऐवजी केळं आलं, तिसऱ्या दिवशी मऊ भात. प्रगती एवढीच, की आता परात दिसली की अद्वय आधी हात जोडायचा, मग टाळ्या वाजवायचा आणि आजोबांकडे बघायचा. आजोबा हात मारायचे, तो हसायचा. स्वतः बोटही लावायचा नाही. करायला गेलो विनायक आणि झाला वानर, असं विश्रामराव स्वतःशीच म्हणाले. आणि रोज तालमीनंतर परातीतलं सगळं स्वतःच खाऊन संपवायचे, कारण टाकायचं कसं?

बुधवारी दुपारी नीलाबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या, तेव्हा त्यांनी नवा उपाय काढला. करून दाखवून होत नसेल, तर हाव लावून होईल. अद्वय टीपॉयला धरून उभा होता. विश्रामरावांनी दह्याची वाटी त्याच्यापासून लांब, सोफ्याच्या कडेला ठेवली आणि तोंड फिरवून बसले.

अद्वयनं वाटीकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. मग टीपॉय सोडला, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, डुगडुगत आणखी टाकली आणि सोफ्यापाशी पोचून दह्यात हात घातला.

"अरे! अरे चालला!" विश्रामराव ओरडले. त्यांचे डोळे भरून आले. हात सवयीनं फोनकडे गेला, फोननं सवयीनं ऋजुताचा नंबर लावला, आणि पलीकडे एक रिंग वाजली, तेव्हा त्यांना एकदम रविवारचं जेवण आठवलं. त्यांनी फोन कट केला.

लगेच तिचा फोन आला. "बाबा, मिस्ड कॉल?"

"चुकून लागला गं."

"अद्वय काय करतोय?"

अद्वय दह्याच्या हातानं सोफा धरून पुन्हा टीपॉयकडे निघायच्या बेतात होता. विश्रामरावांनी एका हातानं त्याची चड्डी मागून धरली आणि त्याला खाली बसवलं. "बसलाय," ते म्हणाले. "बसलाय तो. एकदम बसूनच आहे."

फोन ठेवून ते खाली वर्तमानपत्रावरच बसले. आता प्रश्न केकचा राहिलाच नव्हता. पोराचं पहिलं पाऊल त्यांनी पाहिलं होतं, आणि पोराच्या आईनं पाहिलं नव्हतं. हे तिला कळलं, तर ती पुन्हा "हो का? अय्या!" म्हणेल, आणि या वेळी त्या म्हणण्याचा अर्थ त्यांना कळेल. त्यांनी ठरवलं, हे पाऊल पडलंच नाही. तिच्यासमोर पडेल ते पहिलं. तोवर पोराचा पाय जमिनीला लागता कामा नये. नीलाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या मते तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

त्या दिवसापासून विश्रामरावांनी अद्वयला कडेवर घेतलं. वर्तमानपत्र कडेवर, खालची भाजी कडेवर, गच्चीवरची टाकी बघायला गेले तरी कडेवर. एका कडेला कळ आली की दुसऱ्या कडेवर. नीलाबाई कधी नव्हे त्या काही बोलल्या नाहीत, उलट "द्या इकडे, दमला असाल" म्हणून स्वतः उचलून घ्यायच्या आणि त्याही खाली ठेवायच्या नाहीत. पोराला हातावरची सवय लावणार ही, असं त्यांच्या मनात यायचं, पण सोयीचं होतं म्हणून ते गप्प राहायचे.

संध्याकाळी ऋजुता घरी आली, की ते घाईनं अद्वयला तिच्यासमोर जमिनीवर सोडायचे आणि श्वास रोखून बसायचे. दिवसभर सुटायला धडपडणारं ते पोर आई दिसली की तिच्या मांडीत जाऊन बसायचं ते थेट झोपेपर्यंत. उतरेल तर शपथ. "जा ना, बॉल आण," विश्रामराव म्हणायचे. "राहू दे हो बाबा," ऋजुता म्हणायची, "दिवसभरानं भेटतोय."

अशात गुरुवारी शेजारच्या हेमाताई वाटी परत करायला आल्या. "अगंबाई, अजून कडेवरच? चालत नाही? आमची समृद्धी दहाव्या महिन्यात जिना चढली."

"प्रत्येकाचं वेगळं असतं," विश्रामराव म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

"तरी दाखवून घ्या बाई डॉक्टरांना. उगीच मागे राहायला नको."

नुकतीच ऑफिसातून आलेली ऋजुता दारात हे ऐकत होती. रात्री वरणभात कालवताना तिचा हात थांबला. "केदार, खरंच दाखवूया का रे? ऑफिसात सगळ्यांची याच वयात चालायला लागलीयेत. मी घरी नसते म्हणून तर नाही ना होत आहे असं?"

"काहीतरीच काय!" विश्रामराव आणि नीलाबाई एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे न बघता जेवू लागले. विश्रामराव ताटातली शितं एकेक करून टिपू लागले. सुनेला आनंद द्यायला गेले होते, आणि तिच्या जिवाला घोर लावून बसले होते. तिनं डॉक्टरांची सोमवारची वेळही घेतली.

शनिवारी सगळे कोलशेतला पोचले. कल्पिताचा स्टुडिओ तिच्या घरच्यांच्या स्वतःच्याच इमारतीत, तळमजल्यावर होता. इमारत उभी होती ती जागा पूर्वी त्यांची शेती. वरचे मजले भाड्यानं, मागे अंगण, अंगणात नळ आणि कोंबड्या. कल्पिताचे वडील आनंदा स्टुडिओच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. येणारं प्रत्येक बाळ बघायचं, हा त्यांचा शनिवार-रविवारचा कार्यक्रम असावा.

आत पांढरी चादर भिंतीवरून खाली जमिनीपर्यंत अंथरली होती. मागे फुगे. अद्वयला निळी चड्डी आणि गळ्याला बो. मध्ये खजुराचा बिनसाखरेचा केक, वर क्रीमचा डोंगर. ऋजुता कॅमेऱ्याच्या बाजूला चादरीच्या कडेवर गुडघे टेकून बसली होती, केकचा पहिला घास डोळ्यांत साठवायला. तिच्या चेहऱ्याकडे बघून विश्रामराव केदारच्या मागे जाऊन उभे राहिले.

"रेडी?" कल्पिता म्हणाली. "सोडा बेबीला."

अद्वय बसला. त्यानं केक पाहिला आणि हात जोडले.

"ऑ, सो क्यूट!" कल्पिता म्हणाली. क्लिक.

अद्वयनं आणखी हात जोडले. क्लिक. मग टाळ्या वाजवल्या. क्लिक. मग तो थांबला. सगळे थांबले.

"घे ना सोन्या," ऋजुता म्हणाली. "मार, मार!"

"अद्वय, इकडे बघ," केदारनं खुळखुळा हलवला. अद्वयनं खुळखुळ्याकडे पाहिलं, केकला पुन्हा नमस्कार केला आणि खोलीभर कुणाला तरी शोधू लागला.

दारातून आनंदा म्हणाले, "आमचे कोलशेतान एवरी पोरा आली, पन केकाचे पाया परनारा यो पयलाच."

"बाबा, गप बसा ना," कल्पिता म्हणाली. मग तिनं ऋजुताला विचारलं, "घरी प्रॅक्टिस केलेली ना? कोण घ्यायचं?"

सगळ्यांनी विश्रामरावांकडे पाहिलं. अद्वयलाही ते तेव्हाच दिसले. त्यानं जोरात टाळ्या वाजवल्या आणि मोठ्या आशेनं केककडे मान वळवली. आजोबा सुरू कधी करणार, एवढाच त्याचा प्रश्न होता.

"तो तुमची वाट बघतोय," नीलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे? बाबा करून दाखवायचे?" केदारचा खुळखुळा हलायचा थांबला. "बाबा? अन्न कुस्करून?"

"तयारीचा भाग म्हणून," विश्रामराव म्हणाले.

"मला कढीपत्त्याच्या एका पानासाठी तुम्ही..."

"केदार, मागचं उकरू नकोस." विश्रामराव चप्पल काढून चादरीवर गेले. गुडघे टेकले. समोर दीड किलोचा केक, एवढ्या लोकांसमोर, चांगला झब्बा घालून. त्यांनी मनातल्या मनात अन्नाची क्षमा मागितली आणि हात मारला.

अद्वय किंचाळून हसला. "काका, एकदम बेस्ट! परत!" कल्पिता ओरडली. विश्रामरावांनी परत मारला. "अजून जोरात, काका! बेबी मस्त हसतोय!" विश्रामरावांनी दोन्ही हातांनी मारला, तेव्हा क्रीमचा डोंगर उडाला आणि अर्धा त्यांच्या चष्म्यावर येऊन बसला. जग पांढरं झालं. ते चाचपडत राहिले. कल्पिताच्या कॅमेऱ्याचा आवाज त्यांच्या नाकाजवळ येत होता.

मग एकदम सगळे गप्प झाले. कुणीतरी "अगं" म्हणालं. आणि मग ऋजुता ओरडली. तिचा असा आवाज विश्रामरावांनी कधी ऐकला नव्हता.

"काय झालं? पडला का?" त्यांनी चष्मा पुसायला बाही लावली. बाहीलाही क्रीम होतं. ते आणखी पसरलं. शेवटी चष्माच काढून, डोळे बारीक करून त्यांनी पाहिलं. ऋजुता चादरीच्या कडेला अद्वयला छातीशी धरून बसली होती आणि हसता हसता रडत होती. तिच्या तोंडाला, केसांना केक. अद्वय तिची हनुवटी चाटत होता. आणि केक होता तिथून तिच्यापर्यंत पांढऱ्या चादरीवर खजुराच्या रंगाची चिमुकली पावलं उमटली होती.

"बाबा! बाबा, चालला! केकमधून चालत आला माझ्याकडे! पहिल्यांदा! बघितलंत ना?"

"नाही गं," विश्रामराव म्हणाले, आणि या वेळी ते अगदी खरं होतं. "चष्म्यावर क्रीम होतं. काही म्हणजे काही दिसलं नाही."

"अरेरे!" ऋजुताला खरोखर वाईट वाटलं. "सॉरी बाबा. थांबा, मी सांगते. तो उभा राहिला, केकमध्ये हात टेकून. मग माझ्याकडे बघितलं. मग हा पाय टाकला, नाही, हा. मग जरा डुगडुगला, मला वाटलं आता पडतो..."

"हो का?" विश्रामराव म्हणाले. "अय्या!" त्यांच्या तोंडून हे आयुष्यात पहिल्यांदाच निघालं, पण त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी तिला सगळं दोनदा सांगायला लावलं. अद्वयनं आईच्या हनुवटीवरून केकचा पहिला घास केव्हाच खाऊन टाकला होता, आणि "हं"ची वाट काही बघितली नव्हती.

"फोटो आला ना त्याचा?" केदारनं विचारलं.

कल्पितानं कॅमेऱ्यात मागे जाऊन जाऊन पाहिलं. तिचा चेहरा पडला. "सॉरी. मी काकांचा क्लोज-अप घेत होते. चष्म्यावर क्रीम उडालं ना, भारी दिसत होतं."

"जाऊ दे," ऋजुता म्हणाली. "मी बघितलंय." तिनं केदारला सोमवारची डॉक्टरांची वेळ रद्द करायला सांगितलं.

नीलाबाई नवऱ्याला मागच्या अंगणात नळावर घेऊन गेल्या. पायाशी कोंबड्या गोळा झाल्या, झब्ब्यावरून गळेल ते टिपायला. त्यामुळे काही वाया चाललं नव्हतं, याचं विश्रामरावांना बरं वाटत होतं. नीलाबाई रुमाल ओला करून त्यांचे कान पुसू लागल्या.

"बरं निभावलंत," त्या म्हणाल्या. "मला धाकधूक होती, बोलून जाताय की काय."

"काय बोलून जातोय?"

"आधी बघितलंत ते."

विश्रामरावांनी रुमाल बाजूला सारला. "तुला कसं कळलं?"

"अहो, केदारला तरी कधी कडेवर घेतलंत का? आणि यांना एकदम बुधवारपासून नातू जमिनीवर ठेववेना! तेव्हाच ओळखलं, यांनाही दिसलं म्हणून."

"यांनाही? म्हणजे?"

"मंगळवारी सकाळी. तुम्ही दूध आणायला गेला होतात. बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर मागून चालत आला माझ्या साडीला धरायला." नीलाबाईंनी दुसरा कान पुसायला घेतला. "तेव्हापासून मीही उचलूनच फिरतेय. कंबर कामातून गेलीय माझी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच तिला फोन लावला असता."

आतून ऋजुताचा आवाज येत होता. ती तिच्या आईला फोनवर सांगत होती. "अगं, केकमधून! हो, सगळा केक तुडवत! आधी हा पाय, मग डुगडुगला, मला वाटलं आता पडतो..." ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

नीट ऐकू यावं म्हणून विश्रामरावांनी नळ बंद केला.

"म्हणजे त्याचं पहिलं पाऊल खरं तर तू बघितलंस," विश्रामराव हळूच म्हणाले.

"मी कुठे? ऋजुतानं," नीलाबाईंनी रुमाल पिळला. "मान खाली करा बघू, कॉलरमध्ये गेलंय."